नोट्स रिसिव्हेबल : 25 कोटी गेले, बाकी वाढली 12 कोटींनीच

प्रश्न : एका लिस्टेड कंपनीच्या कॅश फ्लो स्टेटमेंटमध्ये, गुंतवणुकीच्या भागात, नोट्स रिसिव्हेबलपोटी 25 कोटी गेल्याचं कंसात दाखवलंय. नफा-तोटा पत्रकात हा खर्च कुठेच नाही. ताळेबंदात नोट्सची बाकी 40 वरून 52 कोटींवर गेली, म्हणजे वाढ 12 कोटींचीच. मेळ कसा घालायचा?

उत्तर : हा खर्च नाहीच. कंपनीने कुणाला तरी रोख कर्ज दिलं आणि परतफेडीचं लेखी वचन घेतलं. रोख घटली, तेवढंच येणं वाढलं. नफ्याला धक्का लागायचं कारण नाही.

आता मेळ. 40 अधिक 25, झाले 65. त्याच भागात नोट्सच्या वसुलीची वेगळी ओळ असते, ती वजा करा. समजा वसुली 5 कोटी, तर उरले 60. ताळेबंदातल्या 52 पर्यंतचे 8 कोटी हिशेबांना जोडलेल्या टिपांमध्ये शोधा. ते बहुधा बुडीत कर्जाच्या तरतुदीत गेलेले असतात, नाहीतर कर्जाचे शेअर्स करून घेतलेले असतात. उलटही होतं. कंपनीने जागा विकून पैशांऐवजी नोट घेतली किंवा थकलेलं व्याज मुद्दलात मिळवलं, तर एक पैसाही न जाता बाकी फुगते. यातलं व्याज तर उत्पन्न म्हणूनही धरलेलं असतं.

मेळ बसला तरी खरा प्रश्न उरतोच : कर्ज घेतलं कुणी? संबंधित पक्षांच्या (प्रवर्तक, संचालक, त्यांच्या कंपन्या) व्यवहारांची टीप आधी उघडा. मग ग्राहकांकडे वळा, कारण खरी गोम तिथे असते. कंपनीने ग्राहकाला 10 कोटी कर्ज दिलं आणि त्याने त्याच पैशातून तिचाच माल घेतला, तर गुंतवणुकीच्या भागातून 10 कोटी बाहेर जातात आणि कामकाजाच्या भागात विक्रीची वसुली म्हणून परत येतात. तिजोरीत नवं काहीच आलेलं नाही, पण धंदा रोख कमावतोय असं दिसतं. अशी रक्कम आम्ही कामकाजाच्या रोखीतून सरळ वजा करू. (माल उधारीवर विकून ग्राहकाकडून नुसती नोट घेतली असेल, तर तिची वसुली कामकाजातच धरायची, तिथे आक्षेप नाही.)

मुदतवाढीवरही नजर ठेवा. नोट नुसती पुढे ढकलली तर कॅश फ्लोमध्ये काहीच उमटत नाही. ती चालू मालमत्तेतून दीर्घ मुदतीत सरकलेली मात्र दिसते. आयएफआरएस 9 या आंतरराष्ट्रीय हिशेब मानकानुसार, म्हणजे 2018 पासून, अपेक्षित तोट्याची तरतूद कर्ज देतानाच करावी लागते. कर्जदार डळमळीत आणि तरतूद नाममात्र असेल, तर ऑडिटरचा अहवाल नीट वाचा.

प्रश्न : फ्री कॅश फ्लो काढताना ही रक्कम धरायची का?

उत्तर : रूढ सूत्रात कामकाजाच्या रोखीतून फक्त भांडवली खर्च वजा होतो, त्यामुळे ही सुटते. एखाद्या वर्षापुरती असेल तर सोडून द्या. दरवर्षी दिलेलं कर्ज वसुलीपेक्षा जास्त असेल, तर तो फरक वजा करा.