नाईट शिफ्टमुळे पाळी मागेपुढे होते का?
हो ताई, होऊ शकते. तुम्ही लिहिलंय की जळगाव एमआयडीसीत नाईट लागल्यापासून पाळी कधी २२ तर कधी ४० दिवसांनी येते, मी पण तिथेच चटईच्या कारखान्यात ६ वर्षं शिफ्ट केली, माझंही तेच व्हायचं. रात्रभर लाइटात जागलं की मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं हार्मोन, कमी बनतं आणि पाळीचे हार्मोनपण मेंदूतल्या त्याच झोप-जागेच्या घड्याळावर चालतात, त्यात दर आठवड्याला शिफ्ट बदलली तर शरीराला पत्ताच लागत नाही. २१ ते ३५ दिवस नॉर्मल धरतात. ४० दिवस झाले तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा, ३ महिने आलीच नाही किंवा तासातासाला पॅड भिजतंय तर सरळ डॉक्टरकडे जा, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन बघायला सांगा, हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. तारखा कालनिर्णयवर लिहून ठेवा, डॉक्टर तेच पहिलं विचारतात.

आणि एक, आमच्याकडे संडास गोडाऊनच्या मागे, बल्ब गेलेला, म्हणून बायका मे महिन्यातपण पाणी प्यायच्या नाहीत, एकच पॅड ८ तास. असं नका करू हो, लघवीचं इन्फेक्शन होतं, ४-६ तासांनी बदलाच. बायकांना वेगळा, उजेडाचा संडास हे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासून लिहिलेलं आहे, चारजणी मिळून सुपरवायझरकडे जा.