शिक्षण विभागात नव्याने आलेल्यांसाठी

स्थानिक कलासंग्रहालयात नव्याने रुजू झाला असाल, तर पहिला कार्यक्रम आखण्याआधी चित्रांची यादी बाजूला ठेवा आणि आसपासच्या वस्तीत हिंडा. लोक कशावर चिडतात, कशाची आठवण काढतात, हे ऐका. वॉशिंग्टनच्या अ‍ॅनाकोस्टिया संग्रहालयाने १९६९ मध्ये चक्क उंदरांवर प्रदर्शन भरवलं, कारण तिथल्या घरांत उंदरांचा छळ रोजचाच होता. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं.

आता समजा, तुमच्याकडे नदीकाठचं एखादं जुनं चित्र आहे. चित्रकार, साल, शैली लगेच सांगून टाकू नका. आधी विचारा, ‘इथे काय चाललंय?’ उत्तर आलं की, ‘असं कशावरून वाटलं?’ आणि मग, ‘आणखी काय दिसतंय?’ संग्रहालय-शिक्षक फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसन यांच्या, चित्र दाखवून बघणाऱ्यांना बोलतं करण्याच्या पद्धतीतले हे तीन प्रश्न. मध्येच सगळे गप्प झाले तर होऊ द्या, बोलण्याचा मोह आवरा. कुणी आजोबा चित्रातल्या पायरीकडे बोट दाखवून म्हणतील, ‘पाणी इथवर यायचं.’ ते लिहून घ्या आणि त्यांच्या परवानगीने चित्राशेजारच्या पाटीवर लावा. नंतर चित्राची छापील प्रत घेऊन सगळे मिळून त्या काठावर जा, चित्रकार नेमका कुठे उभा राहिला असेल ते शोधा.

शाळांच्या सहली येतच राहतील. पण एक गट धरून ठेवा, त्याला वर्षभर बोलवत राहा आणि पुढच्या प्रदर्शनात काय लावायचं हे ठरवतानाही सोबत घ्या.