पहिलं ‘नको’

प्रिय बाळा,

परवा रात्रीचा तुझा मेसेज दोनदा वाचला. ग्रनोबलला फ्रेंच मैत्रिणीच्या घरी रविवारी दुपारी जेवायला गेलीस. तिच्या आईने बटाट्याचं ग्रातँ, म्हणजे सायीत भाजलेले बटाटे, अजून घेतेस का विचारलं, तू सवयीने ‘नको’ म्हणालीस, आणि त्यांनी भांडं पुढच्याकडे सरकवलं. चीजची फळी आली तेव्हाही तेच. शेवटी खोलीवर परत येऊन नूडल्स करून खाल्ल्यास. आणि मला विचारलंस, ‘आई, पोटात भूक असताना आपण आधी नको का म्हणतो? आणि तिच्या आजोबांनी माझ्या ग्लासात वाईन ओतली तेव्हा मी काहीतरी चोरून करतेय असं का वाटलं? आपल्या जेवणात वाईन का नसते?’ फोनवर सांगितलं असतं तर अर्धंच झालं असतं, म्हणून लिहायला बसले.

आधी ‘नको’चं. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे उत्तर नसतंच. मी तुमच्याकडे माणसांसाठी आलोय, ताटासाठी नाही, एवढंच पाहुण्याला त्यातून सांगायचं असतं. त्यावर यजमानाने ‘घ्या हो, अर्धी तरी घ्या’ म्हणायचं, म्हणजे घरात भरपूर आहे, संकोच नको. दुसऱ्यांदाही नको म्हणतात, पण आवाज जरा उतरलेला असतो. तिसऱ्या वेळचं काय ते खरं. आजीला तर शब्दही लागत नाहीत, ती हाताकडे बघते. पंजा ताटावर सपाट आणि बोटं जुळलेली असली, की पोट भरलं. तिथे ती मुकाट्याने पुढच्या पानाकडे वळते. पंजा ताटापासून वीतभर वर आणि बोटांत फटी असल्या, की तिने जिलबी ठेवलीच म्हणून समज. लग्नाच्या पंगतीत मी तिला असं किती वेळा पाहिलंय. तिचा अंदाज कधी चुकला नाही आणि तिने वाढलेलं कुणाच्या पानात उरलं नाही.

हे कुठून आलं असेल, याबद्दल माझं एक मत आहे. १९७२ च्या दुष्काळात आजी सतरा वर्षांची होती. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकऱ्या व्हायच्या. खडी फोडायच्या कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, वाटायचे. अशा दिवसांत दारात पाहुणा आला, की घरातल्या बाईला आधी डब्यातलं पीठ आठवायचं. पाहुण्यालाही ते ठाऊक असायचं. त्याच्या पहिल्या ‘नको’ने तिची सुटका व्हायची. नसेल तर राहू दे, कुणाला काही कळणार नाही. आणि तरीही तिने वाढलं, तर त्याला समजायचं की इथे खरंच आहे, किंवा नसूनही ही माउली देतेय. आता डबे भरलेले आहेत, पण शब्द तेच राहिले. म्हणून मला आग्रहाचा कधी राग येत नाही. नुसता गळ्यात पडून केलेला आग्रह मात्र मलाही सोसवत नाही; मधुमेह असलेल्या माणसाच्या पानात श्रीखंड वाढणं मला चुकीचंच वाटतं, आणि तसं मी आपल्याच नातेवाइकांना तोंडावर सांगितलंय.

आता तुझ्या मैत्रिणीच्या घरचं बघ. त्यांनी हात आखडता घेतला असं मनात आणू नकोस. त्यांनी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला. समोरचा नको म्हणाला, तर त्याला नको आहे, हाच त्यांच्याकडचा मान. चीजची फळी तर एकदाच फिरते, पुन्हा मागणं त्यांच्या रीतीत बसत नाही. तेव्हा तिथे पहिल्याच वेळी हो म्हणायचं आणि मनासारखं घ्यायचं. वाईनचीही त्यांची खूण आहे. स्वतःच्या ग्लासात आपण ओतून घ्यायची नाही, घरचं माणूस ओततं. आणि पुरे झालं की ग्लास तसाच भरलेला ठेवायचा, मग कुणी ओतत नाही. भरलेला ग्लास म्हणजे आजीचा तो सपाट पंजाच समज.

जेवणाचा त्यांना केवढा अभिमान आहे! २०१० मध्ये फ्रेंच लोकांचं सणासुदीचं साग्रसंगीत जेवण युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यात अमुक एक पदार्थ नव्हता, तर एकत्र बसण्याची सगळी रीत होती. आधी थोडं पेय, मग सुरुवातीचा पदार्थ, मग मुख्य, मग चीज, मग गोड, आणि कशाबरोबर कुठली वाईन याचा विचार. इथे फ्रान्समध्ये आल्यावर पहिल्या वर्षी मी अशा जेवणाला बसले, तेव्हा पहिलाच पदार्थ पोटभर खाऊन मोकळी झाले, कारण आपल्याकडे जे आहे ते सगळं एकदम समोर असतं. त्यांचं जेवण एकामागून एक येतं, आपलं ताटात मांडलेलं असतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे, भाज्या उजवीकडे, मधे वरणभाताची मूद आणि तिच्यावर तूप. शेवटी ताकभात. आंबट, तिखट, गोड, तुरट सगळं हाताशी, कुठल्या घासाला काय लावायचं ते खाणाऱ्याने ठरवायचं. त्यांच्याकडे हे ठरवण्याचं बरंचसं काम वाईन करते. चीजचा स्निग्ध घास झाला की आंबटसर घोट घेऊन जीभ मोकळी होते, पुढचा घास पुन्हा नवा लागतो. आपल्या पानात हे काम लिंबाची फोड आणि मठ्ठा करतात.

पण एवढ्यावर तुझं समाधान होणार नाही. तुला चोरी केल्यासारखं वाटलं, आणि ते लिंबामुळे नाही.

आपल्याकडे वाईनला वेगळा शब्दच नव्हता. हातभट्टीपासून शँपेनपर्यंत सगळी दारूच. आणि दारू या शब्दात माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतल्या किती बायकांचं रडणं होतं, ते तुला मी कधी सांगितलं नाही. आठवड्याचा पगार शनिवारी संध्याकाळी गुत्त्यावर जायचा आणि रात्री भांड्यांचे आवाज यायचे. एक मावशी सकाळी आमच्याकडे विरजण मागायला यायची तेव्हा पदर गालावरून घेऊन यायची. पुढे महाराष्ट्रात गावोगावच्या बायकांनी दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदानाचा हक्क मिळवला. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवीला मत दिलं की दुकान जातं. हे हक्काने मिळवलेलं आहे, आणि मला त्याचा फार अभिमान आहे. तेव्हा आजी बाटली बघून तोंड फिरवते, त्याला मागासलेपण म्हणू नकोस. तिने वाईन नाकारलेली नाही, वाईन म्हणजे दारूहून वेगळं काही, हे तिला माहीतच नाही. तिने नाकारलाय तो शनिवार.

सगळे मराठी लोक असेच, हेही खरं नाही. कोकणात ताडी-माडी आहे, आदिवासी पाड्यांवर मोहाच्या दारूचे थेंब आधी देवाला आणि पूर्वजांना वाहतात. आपलं घर माळकऱ्याचं. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ, दर वर्षी पंढरीची वारी. घरात कांदा-लसणाचाही विचार करून वापर, तिथे दारू कुठली.

आणि तरी आपल्या शेतात वाईनची द्राक्षं होती! हे तुला ठाऊक नसेल. निफाडला आपली बाग होती ती थॉमसनची, खायची द्राक्षं. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं, आणि करारावर वाईनची द्राक्षं लावायची लाट आली. तुझ्या मामाने दोन एकर शिराझ लावली. बारीक मणी, जाड साल, आत बिया. आम्हा मुलींना ती द्राक्षं खाऊन बघताना दातात कचकच लागायची. इथे लिऑनच्या उत्तरेला बोजोले भागात वेली हिवाळ्यात झोपतात आणि तोड सप्टेंबरात होते. नाशिककडे वेलीला झोप नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळ छाटणी, आणि माल तयार होतो फेब्रुवारी-मार्चला. आजोबा दोन्ही छाटण्यांना कात्री घेऊन मामाच्या बरोबरीने उभे राहायचे. कुणी विचारलं, माळकरी असून हे काय? तर म्हणायचे, ‘मी द्राक्ष पिकवतो. पुढचं ज्याचं त्याच्यापाशी.’

मग कंपनीने माल उचलणं थांबवलं. द्राक्षं वेलीवर पिकून गळली, आणि २०१० मध्ये मामाने बाग तोडली. त्या बागेच्या मालाची एक बाटली कुणीतरी आधी भेट म्हणून दिली होती, ती आजोबांनी कपाटात सातबाऱ्याच्या कागदांमागे उभी करून ठेवली होती.

तू पाच वर्षांची होतीस तेव्हा बाबांच्या कामावरचं एक फ्रेंच जोडपं आपल्याबरोबर निफाडला आलं होतं, आठवतं? त्या दुपारी पाटावर पानं मांडली. आजीने मांडे केले होते. पाहुणे बसले, आणि आजोबा उठून आत गेले ते ती बाटली घेऊन आले. आजी काही बोलली नाही. बाबांनी चाकूने कसंबसं बूच काढलं. घरात ग्लास होते ते स्टीलचे. आजोबांनी स्वतःच्या हाताने ओतली, आणि काठोकाठ ओतली. बाबा हळूच म्हणाले, अण्णा, ही अर्ध्याच्या खालीच ओततात. आजोबा म्हणाले, ‘पाहुण्यापुढे अर्धं भांडं ठेवायचं नसतं.’ स्वतःसाठी तांब्यातून पाणी घेतलं आणि त्यांच्यासमोर बसले.

वाईन उतरली होती. तीन उन्हाळे कपाटात काढलेली, दुसरं काय होणार. त्या माणसाने पहिला घोट घेतला, बाबांकडे बघितलं, मग ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश संपवला. मग त्याने विचारलं, ही बाग कुठे आहे? आजोबा जेवण अर्ध्यावर ठेवून कधी उठत नाहीत, पण त्या दिवशी ताकभात आटोपल्यावर हात न पुसताच त्याला शेतावर घेऊन गेले. तिथे आता पुन्हा थॉमसन होती. दोघे बांधावर किती तरी वेळ उभे होते. एकाला मराठी येत नव्हतं, दुसऱ्याला फ्रेंच.

मी त्यांच्याबरोबर गेले नाही, कारण आत आजी आणि मामी तेव्हा कुठे जेवायला बसत होत्या. सव्वातीन वाजले होते. मांडे गार झालेले, आमटी तळाशी गेलेली. आपल्या रीतीतलं हे एकच मला आजही सलतं. पंगतीला एवढं प्रेमाने वाढणाऱ्या बाईला कुणी वाढत नाही, तिला ‘अजून एक घे’ म्हणणारं समोर कुणी नसतं. त्या दिवशी मी आजीच्या शेजारी बसून तिला वाढलं. ती म्हणाली, ‘नको गं.’ मी वाढलं. दुसऱ्यांदा नको म्हणाली. मी तिच्या हाताकडे बघितलं. बोटांत फटी होत्या.

म्हणून आपल्या लिऑनच्या घरात मी तव्यावरची पोळी पानात टाकणं सोडलं. आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवते, भांडी टेबलावर आणते आणि बसते. पोळी थोडी गार मिळते. तुझ्या बाबांना सुरुवातीला चुकल्यासारखं व्हायचं, पण मी पुन्हा स्वयंपाकघरात उभी राहणार नाही. ही सवय मी इथल्या लोकांकडून घेतली, आणि चांगली घेतली असं मला मनापासून वाटतं.

तुझ्या मैत्रिणीच्या घरच्यांना आता आपल्याकडे बोलव, पुढच्या महिन्यातला कुठलाही रविवार चालेल. मी भरली वांगी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर आणि पुरणपोळी करीन. त्यांचे आजोबा वाईन आणतो म्हणतील, तर आणू दे, संकोच करू नकोस. फक्त त्यांना सांग, जेवण तिखट आहे. जास्त अल्कोहोल असलेल्या वाईनने तिखट आणखी भडकतं, आणि कडक तांबडी वाईन मिरचीबरोबर कडवट लागते. किंचित गोडसर, हलकी, गार केलेली पांढरी आणली तर वांग्यांबरोबर छान जाईल. तू अठराची आहेस, घ्यावीशी वाटली तर टेबलावर आमच्यासमोर घे, नको वाटली तर ग्लास भरलेला राहू दे.

ताटं मी मांडीन, डावी बाजू तू वाढ. मीठ आधी, मग लिंबू. आणि मैत्रिणीच्या आईला आधीच सांगून ठेव, की माझी आई तीनदा विचारेल.

तुझी
आई