बेस गिटारसाठी डीआय बॉक्स : अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह?

प्रश्न : माझा बेस चार तारांचा, पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला) आहे. अ‍ॅम्पमधून त्याचा आवाज मोकळा येतो, पण पॅसिव्ह डीआयमधून (बेसचा सिग्नल मिक्सरच्या माइक इनपुटला जुळवून देणारा, वीज न लागणारा बॉक्स) मिक्सरला दिला की तारेवरचा बोटाचा ठोका हरवतो. सगळं घोंगडीखालून आल्यासारखं वाटतं. डीआय बिघडला आहे का?

डीआय बहुधा ठणठणीत आहे, जोडी जमलेली नाही. पॅसिव्ह बेसचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. त्यातून व्होल्टेज मिळतं, पण पुढच्या यंत्राने करंट ओढायला सुरुवात केली की पिकअप दमतो. वेढ्यांचा इम्पिडन्स (सिग्नलच्या करंटला होणारा विरोध) फ्रिक्वेन्सीबरोबर वाढत जातो, त्यामुळे पहिला फटका वरच्या भागाला बसतो. बोटाचा ठोका आणि तारेची खणखण नेमकी तिथेच असते. म्हणूनच बेस अ‍ॅम्पचा इनपुट साधारण १ मेगाओहमचा ठेवलेला असतो.

पॅसिव्ह डीआयमध्ये मुख्य भाग एकच, ट्रान्सफॉर्मर. चांगल्या बॉक्समध्ये त्याच्या वेढ्यांचं प्रमाण बऱ्याचदा १२ ला १ असतं. इम्पिडन्स या आकड्याच्या वर्गाने, म्हणजे १४४ पटीने बदलतो. मिक्सरचा माइक इनपुट १ किलोओहमचा असेल, तर बेसला समोर १४४ किलोओहम दिसतात. बेसमधला २५० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट (आवाज कमी-जास्त करायचं बटण) त्याला समांतर असतोच. हिशेब केला तर (ओहम जितके कमी, तितका भार जास्त) थेट अ‍ॅम्पला जोडल्यावर पिकअपवर एकूण २०० किलोओहमचा भार येतो, डीआयला जोडल्यावर ९१ चा, आणि डीआयच्या लिंकमधून (तोच सिग्नल पुढे देणारा सॉकेट) अ‍ॅम्पही जोडला तर ८४ चा. माइक इनपुट मिक्सरगणिक वेगळे असतात, त्यामुळे तोच डीआय एका मिक्सरवर बरा आणि दुसऱ्यावर दबका वाटू शकतो.

खात्री दोन मिनिटांत करता येते. बेसचा टोन आणि व्हॉल्यूम पूर्ण उघडा. बेस डीआयमध्ये, डीआयच्या लिंकमधून अ‍ॅम्प, आणि एक्सएलआर (तीन पिनांची माइकची) केबल मिक्सरला, अशी जोडणी करा. चॅनल म्युट आणि फँटम (मिक्सर माइकच्या केबलमधून देतो तो वीजपुरवठा) बंद ठेवा. अ‍ॅम्प ऐकत एकच स्वर वाजवत राहा आणि दुसऱ्या कुणाला एक्सएलआर काढून परत लावायला सांगा. केबल निघाल्याबरोबर अ‍ॅम्पमधला ठोका उजळला, तर भार हेच कारण. फरक पडला नाही, तर दोष मिक्सरच्या ईक्यूत किंवा ऐकायच्या स्पीकरमध्ये शोधा.

उपाय म्हणजे १ मेगाओहम किंवा त्याहून जास्त इनपुटचा अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत विजेवर चालणारं सर्किट असलेला डीआय. तो घेईपर्यंत बफर (पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं सर्किट) असलेला कुठलाही पेडल बेस आणि डीआयच्या मध्ये ठेवा. नुसता ट्रू-बायपास (बंद असताना सिग्नल थेट पुढे सोडणारा) पेडल बंद अवस्थेत काहीच मदत करणार नाही. बेसपासून पहिल्या बफरपर्यंतची केबल ३ ते ५ मीटरच्या आत ठेवा. गिटार केबलची कपॅसिटन्स दर मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते आणि तीही वरचा भाग खाते. लांब पल्ला एक्सएलआरने गाठावा, तिथे ही अडचण नाही.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. पॅसिव्ह डीआय सिग्नल सुमारे २२ डेसिबलने खाली आणतो, म्हणून तो फार खरखर करणार असं अनेकांना वाटतं. बेसचा २०० मिलिव्होल्टचा सिग्नल १२ ने भागला तरी १७ मिलिव्होल्ट उरतो. बऱ्याच माइकपेक्षा हा कितीतरी जास्त आहे. माइक प्रीअ‍ॅम्पला एवढं सहज पेलतं. अडचण भाराची आहे, खरखरीची नाही.

प्रश्न : पाच तारांचा अ‍ॅक्टिव्ह बेस अ‍ॅक्टिव्ह डीआयला जोडतो. जोरात वाजवलं की आवाज फाटतो. मिक्सरचा गेन कमी करूनही फरक नाही.

गेन कमी करूनही फाटतोय, म्हणजे आवाज मिक्सरच्या आधीच फाटून येतोय. पहिली तपासणी बेसमधल्या ९ व्होल्टच्या बॅटरीची. ती उतरू लागली की आधी फक्त जोरकस ठोके फाटतात. बॅटरी ठीक असेल तर डीआयचा वीजपुरवठा बघा. ९ व्होल्टवर चालणारा बेसचा प्रीअ‍ॅम्प टोकापासून टोकापर्यंत ९ व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. डीआयही ९ व्होल्टच्याच बॅटरीवर चालत असेल तर त्याच्याकडे राखीव जागा उरतच नाही.

फँटमवर जागा जास्त मिळते, पण पूर्ण ४८ व्होल्ट मिळत नाहीत. मिक्सर ते ६.८ किलोओहमच्या दोन रेझिस्टरमधून पिन २ आणि ३ वर देतो, म्हणजे एकत्रित ३.४ किलोओहम. डीआयने ५ मिलिअँपिअर घेतले की १७ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि हातात ३१ उरतात. छोट्या मिक्सरवर फँटम मुळातच कमी असू शकतो. मल्टिमीटरने मोकळ्या केबलवर पिन १ आणि २, मग १ आणि ३ मोजा. दोन्हीकडे ४४ ते ५२ च्या दरम्यान आणि जवळजवळ सारखा आकडा हवा.

पुरवठाही नीट असेल तर पॅड (सिग्नल कमी करणारा स्विच) लावा, १५ किंवा २० डेसिबलचा.

खरं तर तुमच्या बेसला चांगला पॅसिव्ह डीआय शोभेल. अ‍ॅक्टिव्ह बेसच्या आउटपुटचा इम्पिडन्स इतका कमी असतो की १४४ किलोओहमचा भार त्याला जाणवतही नाही, आणि ट्रान्सफॉर्मरला बॅटरी लागत नाही. पण इथे कंजुषी करू नका. छोट्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर खालच्या स्वरांत सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपते. चार तारांच्या बेसची ई ४१ हर्ट्झची, तुमची बी ३१ ची. तेवढ्याच व्होल्टेजला बी वर गाभ्यावरचा ताण ई पेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त पडतो. ओळखायचं असं : त्याच जोराने वाजवलेले वरचे स्वर स्वच्छ आणि फक्त खालचे घोगरे असतील तर गाभा लहान पडतोय. सगळ्याच स्वरांचे ठोके फाटत असतील तर इलेक्ट्रॉनिक्स क्लिप होतंय.

पॅसिव्ह आणि अ‍ॅक्टिव्ह दोन्ही बेस वाजवणाऱ्याला एकच बॉक्स घ्यायचा असेल, तर आमचं मत अ‍ॅक्टिव्हला : १ मेगाओहम इनपुट, पॅड, आणि आउटपुटला ट्रान्सफॉर्मर. पॅसिव्ह बेसवर पॅड बंदच ठेवा. काही बॉक्समध्ये पॅड लावला की इनपुट इम्पिडन्स घसरतो आणि वर सांगितलेला दबकेपणा परत येतो.

प्रश्न : अ‍ॅक्टिव्ह डीआयवर बॅटरी असताना ग्राउंड लिफ्टने (ग्राउंडची जोडणी तोडणारा स्विच) गुणगुण जाते, फँटमवर मात्र जात नाही. असं का?

फँटमचा करंट पिन २ आणि ३ मधून येतो आणि पिन १ मधून परत जातो. पिन १ खरोखर तोडली तर डीआय बंदच पडेल, म्हणून अनेक डीआयमध्ये फँटमवर लिफ्ट अर्धवटच काम करते. आत विलग पुरवठा असलेले बॉक्स याला अपवाद आहेत. तुमच्या बॉक्सला बॅटरीवर चालवा, किंवा अशा जागी पॅसिव्ह डीआय वापरा. अ‍ॅम्पच्या वायरची अर्थ पिन मात्र कधीही काढू नका. गुणगुण जाईल, पण बिघाड झाला तर तारा आणि माइक एकाच वेळी हाताळणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

प्रश्न : पॅसिव्ह डीआयला चुकून फँटम गेला तर?

काही होत नाही. पिन २ आणि ३ वर सारखंच व्होल्टेज असल्याने ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांतून करंट वाहत नाही. केबलमध्ये दोन्हीपैकी एक पिन ग्राउंडला टेकलेली असेल तर मात्र वाहतो. त्यामुळे एक्सएलआरला साधा जॅक लावलेली केबल तिथे नको.

प्रश्न : डबल बासच्या पिझो (कंपनाच्या दाबातून वीज तयार करणाऱ्या) पिकअपला कोणता डीआय?

अ‍ॅक्टिव्हच, शक्यतो १० मेगाओहमचा. विजेच्या दृष्टीने पिझो म्हणजे छोटा कपॅसिटर, त्यामुळे भार वाढला की इथे वरचा नव्हे, खालचा आवाज जातो. कपॅसिटन्स १ नॅनोफॅरड धरली तर १४४ किलोओहमवर ११०० हर्ट्झपासूनच खाली उतार लागतो. १ मेगाओहमवर १६० पासून, १० मेगाओहमवर १६ पासून. डबल बासची सर्वांत खालची ई ४१ हर्ट्झची आहे. पिझोसाठी वेगळा प्रीअ‍ॅम्प आधीच लावलेला असेल तर पुढे कुठलाही डीआय चालेल.

प्रश्न : अ‍ॅम्पच्या स्पीकर आउटपुटमधून डीआयला सिग्नल घेतला तर?

बॉक्सवर स्पीकरसाठीचा वेगळा स्विच किंवा ४० डेसिबलचा पॅड नसेल तर नको. ३०० वॉटचा अ‍ॅम्प ८ ओहमवर सुमारे ४९ व्होल्ट देतो. पॅड असला तरी स्पीकर जोडलेलाच ठेवा. डीआय हा स्पीकरची जागा घेणारा भार नाही, आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्प भाराशिवाय चालवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ब्रिज पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये आउटपुटची एकही बाजू ग्राउंडला नसते. डीआयने ती ग्राउंडला जोडली की आउटपुट शॉर्ट होतो, म्हणून अशा अ‍ॅम्पवर पाठीमागच्या डीआय आउटनेच मिक्सरला जा.