होडी ओढेल, पण धक्क्यावरून वर येईल का ते बघा

डिझेलची छोटी एसयूव्ही घाटात दमते का, आणि ट्रेलरवर चारशे-साडेचारशे किलोची फायबरची होडी ओढेल का, असं तुम्ही विचारलंय. मी गोव्यातल्या डिचोलीचा. 2019 पासून माझ्याकडे चार मीटरच्या आतली, 1.5 लिटर डिझेल, मॅन्युअल गाडी आहे. गेली तीन वर्षं तिला होडीही लावतो.

घाटाची काळजी सोडा. केरीहून चोर्ला चढताना पाच माणसं आणि सामान असलं तरी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आरामात जाते. फक्त वळणावर इंजिन 1500 आरपीएमच्या खाली पडू देऊ नका. टर्बोचा जोर गेला की गाडी क्षणभर जड होते, आणि नेमका तेव्हाच समोरून बेळगावचा भाजीचा टेंपो येतो. उतरताना दुसरा गिअर ठेवा, ब्रेकवर पाय दाबून बसू नका.

पुढच्या सीटवर चार तासांनीही पाठ धरत नाही. मागे मधल्या माणसाचे मात्र हाल होतात. आई-वडील मागे बसणार असतील तर टेस्ट ड्राइव्हला त्यांनाच मागे बसवून खड्ड्यांच्या रस्त्याने न्या.

आता होडी. आधी माहितीपुस्तिका वाचा. काही गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नका असं सरळ लिहिलेलं असतं. तशी असेल तर ती गाडी तुमच्यासाठी नाही, कितीही ताकद असो. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच आहे, त्यामुळे हूक बसवण्याआधी आरटीओत नोंदणीचं विचारून घ्या.

ओढायला इंजिन कमी पडत नाही. मला घाम फोडला तो वजनाच्या मांडणीने. पहिल्या वर्षी होडीचं इंजिन आणि पेट्रोलचा कॅन दोन्ही मागच्या टोकाला ठेवले होते. कोलवाळच्या पुढे हायवेवर सत्तरच्या वेगात ट्रेलर शेपटी हलवायला लागला. ब्रेक न लावता ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं, तेव्हा तो शांत झाला. आता कॅन पुढे बांधतो आणि हुकावर होडी आणि ट्रेलर मिळून एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार ठेवतो. घरचा वजनकाटा घ्या, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ट्रेलरचं टोक टेकवा, आकडा लगेच कळतो.

खरी परीक्षा धक्क्याच्या उतारावर, जिथून होडी पाण्यात सोडतात आणि वर काढतात. या गाड्यांची बहुतेक पुढची चाकं फिरतात. होडी मागे, तोंड चढाला, म्हणजे सगळा भार मागच्या चाकांवर, आणि पुढची चाकं हलकी होऊन शेवाळावर नुसती गरगरतात. शिवोलीला ओहोटीच्या वेळी मी असाच अडकलो होतो, क्लचचा वास सुटेपर्यंत. दोघांनी पुढच्या चाकांखाली ओली गोणपाटं सरकवली तेव्हा गाडी वर आली. तेव्हापासून भरतीची वेळ बघूनच निघतो. पाणी वर असलं की चाकं कोरड्या काँक्रीटवरच राहतात. गोणपाटं तरी डिकीत असतातच.

धक्क्यावर पोचलात की लगेच ट्रेलर पाण्यात घालू नका. वीसेक मिनिटं थांबा, ट्रेलरच्या लाइटचा प्लग काढा. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, गरम असताना बुडाला की खारं पाणी आत ओढून घेतो आणि बेअरिंग जातं. घरी आल्यावर गाडी आणि ट्रेलर दोन्हींना खालून गोड्या पाण्याचा पाइप मारा, लीफ स्प्रिंगच्या (चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या) फटीत जरा जास्त वेळ.