जर्मन नॉटगेल्ड : तेच प्रश्न, परत एकदा

नॉटगेल्ड म्हणजे जर्मनीत रोकड कमी पडली तेव्हा गावांनी, कंपन्यांनी काढलेल्या तात्पुरत्या नोटा. दर महिन्याला तेच प्रश्न येतात म्हणून एकत्रच उत्तरं देतोय.

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत बायर कंपनीची १९२३ ची लाखो मार्कांची नोट सापडली. बँकेत बदलून मिळेल का?
नाही.

प्रश्न: पण खाजगी कंपनी नोटा छापूच कशी शकते?
पगार द्यायला रोकडच नव्हती हो! महागाई इतकी की राइक्सबँकेचे, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचे, छापखाने रात्रंदिवस चालून पुरेनात, मग गावं, जिल्हे, रेल्वे, बायर आणि बीएएसएफसारखे कारखाने सगळ्यांनी स्वतःचे कागद काढले, कामगार तेच घेऊन दुकानात पळायचे कारण संध्याकाळी भाव बदललेला असायचा. जुलै १९२२ च्या कायद्याने परवानगी आणि तारण लागायचं, पण १९२३ च्या गोंधळात बऱ्याच जणांनी ते धाब्यावर बसवलं.

प्रश्न: नोटेवर "बिलियन" आहे, म्हणजे शंभर कोटी ना?
नाही, लाख कोटी. शंभर कोटीला जर्मन लोक मिलियार्ड म्हणतात. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते, आणि नवा रेंटनमार्क आला तो एक लाख कोटी जुन्या मार्कांच्या बदल्यात.

प्रश्न: ऑनलाइन सहा रंगीत नोटांचा "महागाईचा दुर्मिळ सेट" मिळतोय, परीकथेची चित्रं आहेत. घेऊ का?
हेच ते! कितीदा सांगायचं, आधी तारीख वाचा. १९२१ असेल तर ती सीरीजची नोट, गावांनी मुद्दाम कलेक्टरांना विकायला छापलेली, बहुतेक कधी भाजीवाल्याच्या हातात गेलीच नाही, आणि १९२२ मध्ये सरकारने हा धंदा बंद केला. महागाई शिगेला पोचली १९२३ च्या उन्हाळ्यानंतर. तेव्हाच्या कारखान्यांच्या नोटा बघा, कित्येक एकाच बाजूला छापलेल्या, साधा कागद, कधी जुन्याच नोटेवर नवा आकडा ठोकलेला, चित्रं काढायला वेळ कुणाला होता? सेलरला हे चांगलं माहीत असतं, तरी तो दोन्ही एकाच नावाखाली खपवतो. चित्रं आवडली तर जरूर घ्या, छान असतात, पण "दुर्मिळ" या शब्दाचे पैसे देऊ नका. मोठी रक्कम मागत असेल तर आधी कॅटलॉग बघणाऱ्या जाणकाराला दाखवा. फोटोवरून मीसुद्धा किंमत सांगत नाही.

प्रश्न: नोट लॅमिनेट करून घेतली तर टिकेल ना?
अजिबात करू नका.

प्रश्न: केलीये आधीच.
मग सोलायला जाऊ नका, इस्त्री-बिस्त्रीचे व्हिडिओ बघून तर मुळीच नाही. जुन्या कागदांचं काम करणाऱ्या कॉन्झर्व्हेटरकडे न्या, तोवर आहे तशीच राहू द्या.