टेप आधी कमरेला लाव

प्रिय मुली,

समुपदेशनाचं काम सुरू झालं, म्हणजे "माझं वजन किती हवं?" हा प्रश्न आता रोजचाच. एकच आकडा सांगून मोकळी होऊ नकोस.

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६० किलो असेल तर १.५८ चा वर्ग २.४९६ आणि बीएमआय २४.०. चूक होते ती बहुधा उंचीत. बायका जुनी, ऐकीव उंची सांगतात. याच बाईने १६० सांगितली तर बीएमआय २३.४ येतो, कारण उंचीचा वर्ग होतो. म्हणून दर वेळी स्वतः मोज: चप्पल काढून, अंबाडा सोडून, टाचा भिंतीला टेकवून, नजर सरळ समोर.

१८.५ ते २४.९ ही जगभरची निरोगी पट्टी. पण आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेहाचा धोका कमी बीएमआयलाच वाढू लागतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये त्यांच्यासाठी २३ पासून सावध व्हायला सांगितलं. म्हणजे २४ वाली बाई एका तक्त्यात ठीक, दुसऱ्यात नाही! अशा वेळी माझा भरवसा टेपवर.

शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, दोन्ही बोटांनी चाचप. त्यांच्या बरोबर मध्यावर टेप आडवी धर, कपड्यावरून नको. श्वास सहज सोडल्यावर वाच. पोट आत ओढलेलं असेल तर माप फुकट. थोडं बोलतं कर, पोट आपोआप सुटतं. ८० सेंटिमीटर किंवा जास्त भरलं तर बीएमआय कितीही असो, साखर आणि रक्तदाब तपासायला सांग. पाळी थांबल्यानंतर चरबी पोटाकडे सरकते, तेव्हा काटा न हलताही हे माप वाढतं.

पाळीच्या आधी अंगात पाणी साठून वजन एक-दोन किलो चढू शकतं. तुलना करायची तर महिन्यातल्या त्याच सुमाराच्या वजनाशी. गरोदरपणात बीएमआय काढायचा तो आधीच्या वजनावर.

वजन जास्त असेल तर पहिलं उद्दिष्ट पाच टक्क्यांचं ठेव. ८० किलोला चार किलो. पीसीओएसमध्ये, म्हणजे संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होते त्या विकारात, तेवढ्यानेही अनेकींची पाळी सुधारते.

आणि बीएमआय १८.५ च्या खाली असलेल्या मुलीला "छान बारीक आहेस" म्हणू नकोस. पाळी कधी आली होती ते विचार. तीन महिने आली नसेल तर हाडं ठिसूळ होण्याची भीती असते. आहाराचा तक्ता नंतर, आधी डॉक्टरांकडे पाठव.

तुझी,
ताई